१ नो-ट्रम्पनंतर मेजर दाखवणं: ट्रान्सफरच्या दोन बोल्या

ब्रिजमध्ये भिडूने १ नो-ट्रम्प (हुकूम न ठेवता सात हात करायची बोली) उघडलं आणि तुमच्याकडे बदामाची पाच पानं आहेत. ट्रान्सफर खेळत असाल तर बदाम बोलायचं नाही, २ चौकट बोलायचं. इस्पिकची पाच असतील तर २ बदाम बोलायचं. (बदाम आणि इस्पिक हे मेजर रंग.) नियम एवढाच: हव्या असलेल्या रंगाच्या लगेच खालचा रंग बोला, ओपनर (नो-ट्रम्प उघडणारा) एक पायरी वर चढून तुमचा रंग बोलेल. हे पाच मिनिटांत पाठ होतं. पण टेबलावर गोंधळ होतो तो त्यानंतर, उत्तर देणाऱ्याच्या दुसऱ्या बोलीला. म्हणून इथे पहिली बोली थोडक्यात आणि दुसरी सविस्तर घेतली आहे.

सगळी चर्चा १५ ते १७ पॉइंटच्या (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), सारख्या वाटणीच्या १ नो-ट्रम्पबद्दल आहे. तुमचं नो-ट्रम्प १२ ते १४ चं असेल तर खाली उत्तर देणाऱ्याच्या आकड्यांत तीन मिळवा आणि ओपनरच्या आकड्यांतून तीन वजा करा.

ही पद्धत स्वीडनच्या ओले विलनर यांनी १९५३-५४ मध्ये मांडली होती. अमेरिकेत ती १९५६ मध्ये ऑस्वाल्ड जेकोबी यांच्या लेखामुळे पसरली आणि त्यांचंच नाव तिला चिकटलं.

उलटं का बोलायचं

दोन कारणं. पहिलं सगळे सांगतात: तगडे पत्ते झाकलेले राहतात आणि पहिली उतारी त्यांच्या दिशेने येते. हे नुसतं वाचून पटत नाही, म्हणून एक डाव बघू.

उत्तर: इस्पिक ८ ४, बदाम एक्का गुलाम १० ७ ६ ३, चौकट गुलाम ५, किलवर राणी गुलाम ४.

दक्षिण: इस्पिक राजा ५ ३, बदाम राजा राणी ४, चौकट एक्का राणी ६ २, किलवर राजा १० ८.

पश्चिम: इस्पिक एक्का ७ ६ २, बदाम ९ ५, चौकट राजा ९ ७, किलवर एक्का ९ ७ ५.

पूर्व: इस्पिक राणी गुलाम १० ९, बदाम ८ २, चौकट १० ८ ४ ३, किलवर ६ ३ २.

दक्षिणेने १ नो-ट्रम्प उघडलं आहे, १७ पॉइंट. उत्तरेकडे ९ पॉइंट आणि सहा बदाम, म्हणजे ४ बदाम बोलायचंच. ट्रान्सफर नसेल तर उत्तर स्वतः ४ बदाम बोलते, डिक्लेअरर (डाव खेळणारी) होते आणि उतारी पूर्वेकडे जाते. पूर्व सहजपणे इस्पिकची राणी उतरते. डमीत (दक्षिणेच्या टेबलावर मांडलेल्या पत्त्यांत) राजा उघडा पडलेला, त्याच्या मागे पश्चिमेकडे एक्का. राजा घाला नाहीतर धरून ठेवा, इस्पिकचे दोन हात गेलेच. किलवरचा एक्का तिसरा. चौकटीचा फिनेस (राणीने हात काढायचा प्रयत्न) पश्चिमेच्या राजाला लागतो, तो चौथा. एक हात कमी.

आता तेच पत्ते, फक्त खेळणार दक्षिण. उतारी पश्चिमेची. तिने इस्पिक काढलं तर राजा हात करतो. चौकट काढलं तर एक्का-राणीत येतं. समजा ती शहाणी आहे आणि बदामाची ५ उतरते. दक्षिण दोन फेऱ्यांत हुकूम काढून घेते आणि उत्तरेतून चौकटीचा गुलाम सोडते. पश्चिम राजाने घेते, पण आता करणार काय? इस्पिकला हात लावला तर दक्षिणेचा राजा जिवंत होतो. चौकट परत दिलं तर दक्षिण एक्क्याने घेते आणि राणीवर उत्तरेतलं एक इस्पिक टाकून देते. मग जातात फक्त चौकटीचा राजा, किलवरचा एक्का आणि इस्पिकचा एक्का. दहा हात. पूर्वेच्या हाती डाव कधी जातच नाही, त्यामुळे इस्पिकच्या राजातून कोणी आरपार येऊ शकत नाही.

प्रत्येक डावात असं होणार नाही. पण राजा-दुर्री, एक्का-राणी, राजा-गुलाम अशा जोड्या नो-ट्रम्प उघडणाऱ्याकडेच जास्त असतात, आणि त्यांच्यातून खेळल्या जाण्यापेक्षा त्यांच्यात खेळलं जाणं नेहमीच बरं.

दुसरं कारण अधिक मोलाचं आहे आणि त्याची चर्चा कमी होते. साध्या पद्धतीत २ बदाम म्हणजे "पडके पत्ते, गप्प बस" एवढाच अर्थ. ट्रान्सफरमध्ये ओपनरला बोलावंच लागतं, त्यामुळे तुम्हाला दुसरी पाळी हमखास मिळते. पाच पानं आहेत हे सांगून झालं, आता ताकद आणि आकार सांगायला अख्खी एक बोली शिल्लक आहे.

ओपनरचं काम

ओपनरने इथे डोकं चालवायचं नाही. २ चौकटला २ बदाम, २ बदामला २ इस्पिक. बदाम दोनच आहेत, तेही दुर्री-तिर्री? तरी २ बदाम. चौकटीची झकास पाच पानं आहेत आणि भिडूने २ चौकट बोलल्यावर पास करायचा मोह होतोय? भिडूकडे चौकटीचं एकही पान नसेल. बोला २ बदाम. या बोलीला स्वतःचा काही अर्थ नाही. ती फक्त भिडूच्या आज्ञेची अंमलबजावणी आहे.

अपवाद एकच: भिडूच्या रंगात चार पानं आणि १७ पॉइंट (किंवा दोन पानी रंग असलेले चांगले १६) असतील तर एक पायरी उडी मारून ३ बदाम किंवा ३ इस्पिक. याला सुपर अ‍ॅक्सेप्ट म्हणतात. भिडूकडे शून्य पॉइंट असले तरी नऊ हुकूम आहेत, त्यामुळे तीनची पातळी सहसा सुरक्षित असते. वाटणी ४-३-३-३ असेल तर उडी मारू नका. कापायला जागाच नाही, मग चौथं हुकूम काय कामाचं?

उत्तर देणाऱ्याची दुसरी बोली

एकाच खेळाडूचे पत्ते हळूहळू बदलत नेऊ, म्हणजे आकडे डोक्यात राहतील.

इस्पिक १० ८ ६ ४ ३. बदाम ७ २. चौकट ९ ६ ५. किलवर ८ ४ २. शून्य पॉइंट. नवशिक्या इथे पास करतो, "माझ्याकडे काहीच नाही" म्हणून. उलट, काहीच नाही म्हणूनच ट्रान्सफर करायचा. नो-ट्रम्पमध्ये या पत्त्यांतून एकही हात निघणार नाही, डमीत यायला वाटच नाही. इस्पिक हुकूम झाला तर दोन-तीन हात तरी निघतात. २ बदाम बोला, २ इस्पिक ऐका आणि पास. ट्रान्सफरला किमान पॉइंटची अट नाही. पाच पानांची आहे. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

आता थोडी ताकद. इस्पिक राजा गुलाम ८ ५ ४. बदाम ७ ३. चौकट एक्का ९ २. किलवर १० ६ ४. आठ पॉइंट, पाच इस्पिक. ओपनरकडे १५ असतील तर २३, गेमला (बोनस देणाऱ्या बोलीला: ३ नो-ट्रम्प किंवा मेजरमध्ये ४) कमी. १७ असतील तर २५, पुरे. म्हणून विचारायचं: २ बदाम, मग २ नो-ट्रम्प. अर्थ: "नेमकी पाच इस्पिक, ८ किंवा ९ पॉइंट, ठरव तू." ओपनरसमोर चार रस्ते आहेत. पत्ते किमान आणि इस्पिक दोन, तर पास. किमान आणि इस्पिक तीन, तर ३ इस्पिक. पत्ते जोरदार आणि तीन इस्पिक, तर ४ इस्पिक. जोरदार पण दोनच, तर ३ नो-ट्रम्प. १६ ला काय? दश्श्या-नव्व्या भरपूर आणि पाच पानी रंग असेल तर १७ समजा; राणी-गुलाम विखुरलेले असतील तर १५.

त्याच पत्त्यांत किलवरच्या दश्शीऐवजी राणी द्या. दहा झाले. आता विचारायचं काही उरलं नाही, गेम आहेच. फक्त कुठला ते ठरायचंय. २ बदाम, मग ३ नो-ट्रम्प. ओपनरकडे तीन किंवा जास्त इस्पिक असतील तर ४ इस्पिक करायचं, दोन असतील तर पास. १० ते १५ पॉइंट आणि ५-३-३-२ वाटणी असली की बहुतेक वेळा हीच बोली.

आता सहावं इस्पिक द्या: राजा गुलाम ८ ५ ४ ३, बदाम ७, चौकट एक्का ९ २, किलवर १० ६ ४. पॉइंट आठच. पण ओपनरने सारखी वाटणी सांगितली आहे, म्हणजे त्याच्याकडे इस्पिकची दोन तरी पानं आहेतच. आठ हुकूम पक्के, शिवाय बदाम एकच. हे आमंत्रणाचे (गेमबद्दल ओपनरला विचारण्याचे) पत्ते नाहीत, सरळ ४ इस्पिकचे आहेत. आमंत्रण द्यायचं ते याहून फिकट, ६-३-२-२ वाटणीच्या सात-आठ पॉइंटांवर: २ बदाम, मग ३ इस्पिक. ही ३ इस्पिकची बोली सहा पानांची आहे हे दोघांनी पक्कं धरा. पाच पानांवर ती केली तर ओपनर दोन पानांवर निश्चिंतपणे चारला नेतो, आणि सात हुकमांत गेम खेळायची वेळ येते.

दुसरा रंग असेल तर तीनच्या पातळीवर तो दाखवायचा. १ नो-ट्रम्प – २ बदाम – २ इस्पिक – ३ किलवर म्हणजे पाच इस्पिक, किमान चार किलवर आणि गेम नक्की. त्यामुळे दोघांपैकी कुणीही गेमच्या आत थांबायचं नाही. इथे ओपनरने तीन इस्पिक असतील तर ३ इस्पिक बोलावं. गेम नक्की असताना ३ ची बोली ४ पेक्षा जोरदार असते, कारण ती स्लॅमच्या (बारा किंवा तेरा हातांच्या) विचारपूसीला जागा ठेवते. दोनच इस्पिक आणि बाकी रंगांत आडवणारी पानं असतील तर ३ नो-ट्रम्प. इथे एक मोह टाळायला हवा: ९ पॉइंट आणि ५-४ वाटणीवर दुसरा रंग दाखवू नका. त्याला गेमचं वजन आहे, आमंत्रणाचं नाही. २ नो-ट्रम्प बोला आणि दुसरा रंग पोटात ठेवा.

दोन्ही मेजर असतील तेव्हा

४-४ असतील तर ट्रान्सफर नव्हे, २ किलवर म्हणजे स्टेमन (ओपनरला चार पानी मेजर आहे का हे विचारणारी बोली). चार पानांवर कधीच ट्रान्सफर नाही.

५-४ असतील आणि पत्ते पडके असतील, तर पाच पानांच्या रंगात ट्रान्सफर करून गप्प बसा. गेमची ताकद असेल तर स्टेमन बरा, कारण चार पानांची जोडी ४-४ अशी जुळू शकते. ओपनरने २ चौकट म्हणून "चार पानी मेजर नाही" सांगितलं, तर स्मोलेन नावाची पद्धत खेळणारे चार पानांच्या रंगात तीनला उडी मारतात. इस्पिक पाच आणि बदाम चार असतील तर ३ बदाम. इथेही उलटं, आणि कारण तेच: इस्पिक पहिल्यांदा ओपनरने बोलावं, म्हणजे तगडे पत्ते झाकलेले राहतील.

५-५ साठी जोडीजोडीत वेगवेगळे करार असतात. वापरायला सोपा एक: आमंत्रणाची ताकद असेल तर २ चौकट, २ बदामनंतर २ इस्पिक, गेमची असेल तर २ बदाम, २ इस्पिकनंतर ३ बदाम. आमंत्रण दोनच्या पातळीवर थांबू शकतं, गेम तीनवरून पुढे जातो. हे खेळायच्या आधी बोलून ठेवा. टेबलावर २ इस्पिक पडल्यावर अर्थ शोधत बसण्यासारखी ही बोली नाही.

टेक्सस आणि स्लॅम

सहा किंवा जास्त पानं असतील तर चारच्या पातळीवरही ट्रान्सफर करता येतो: ४ चौकट म्हणजे बदाम, ४ बदाम म्हणजे इस्पिक. हा टेक्सस. प्रश्न येतो की २ वरून जाऊन मग ४ बोलायची सोय असताना हा कशाला? दोन रस्ते असले की दोन अर्थ देता येतात. थेट टेक्सस करून पास म्हणजे गेम पुरे. आधी २ चौकट आणि मग ४ बदाम म्हणजे सहा पानं आणि स्लॅमची थोडी इच्छा. ओपनरकडे जोरदार पत्ते आणि तीन-चार हुकूम असतील तर त्याने पुढे जावं.

४ नो-ट्रम्पचाही अर्थ असाच फुटतो. टेक्ससनंतर ४ नो-ट्रम्प म्हणजे एक्के विचारणं. २ च्या ट्रान्सफरनंतर ४ नो-ट्रम्प म्हणजे पाच पानं, सारखी वाटणी, सोळाच्या आसपास पॉइंट आणि "१७ असतील तर स्लॅम घे". त्याला एक्क्यांचं उत्तर देणारे भिडू पुष्कळ भेटतात. कराराच्या कागदावर हे दोन ओळींत लिहून ठेवा.

मध्ये कोणी बोललं तर

भिडूच्या १ नो-ट्रम्पवर प्रतिस्पर्ध्याने २ किलवर बोललं, तर जागा काहीच गेली नाही. डबल (एरवी दुप्पट किमतीचं आव्हान) म्हणजे स्टेमन, ट्रान्सफर जसेच्या तसे. २ चौकट किंवा वरची बोली आली की दोनच्या पातळीवरचे ट्रान्सफर बंद. मग २ बदाम म्हणजे खरोखर बदाम. १ नो-ट्रम्पला डबल आला तर काय, हे आधी ठरवा. ट्रान्सफर चालू ठेवणं सर्वात सोपं.

तुमच्या २ चौकटलाच पुढच्याने डबल दिला, तर त्याला बहुधा भिडूकडून चौकटीची उतारी हवी आहे. ट्रान्सफरची ही एक किंमतच आहे. प्रतिस्पर्ध्याला फुकटात उतारी सांगता येते. पण तुम्हालाही एक फायदा मिळतो, कारण आता ओपनरवर बोलायची सक्ती नाही. तीन बदाम असतील तर त्याने २ बदाम बोलावं, दोनच असतील तर पास. उत्तर देणाऱ्याला अजून पाळी आहेच. ओपनरकडे चौकटीची लांब, दमदार पानं असतील तर रिडबल, आणि मग डबल देणाऱ्याला घाम फुटतो.

दुसरी किंमत म्हणजे साधं २ चौकट खेळून थांबण्याची सोय गेली. सहा चौकटी आणि चार पॉइंट असले तर बरेचदा पासच करावा लागतो. मेजरमधला फायदा पाहता हा तोटा परवडतो.

२ नो-ट्रम्पवरही हेच सगळं एक पायरी वर चालतं: ३ किलवर स्टेमन, ३ चौकट म्हणजे बदाम, ३ बदाम म्हणजे इस्पिक. २ किलवर – २ चौकट – २ नो-ट्रम्प या क्रमानंतरही तसंच. इथे आमंत्रणाला जागा नाही. ओपनरकडे २० किंवा जास्त आहेत, त्यामुळे चार-पाच पॉइंटवर गेमला जायचं, त्याहून कमी असतील तर ३ वर पास.

विसरलं तर

सगळ्यात नेहमीचा अपघात: उत्तर देणारा ट्रान्सफर विसरतो आणि पाच बदामांवर साधंच २ बदाम बोलतो. ओपनर २ इस्पिक म्हणतो. अमेरिकेतल्या स्पर्धांत ओपनरने आधी तोंडाने रंगाचं नाव सांगायचं असतं (पूर्वी नुसतं "ट्रान्सफर" म्हणत), इतर बऱ्याच ठिकाणी अ‍ॅलर्टचं (बोलीला खास अर्थ आहे हे सांगणारं) कार्ड काढतात. ते ऐकून किंवा पाहून विसरलेल्याला आठवतं, आणि इथेच खरी परीक्षा आहे. भिडूच्या घोषणेवरून जे कळलं ते वापरायला नियमांची बंदी आहे. तुमच्या डोक्यात २ बदाम साधं होतं, तर भिडूचं २ इस्पिक हे त्याने स्वतःहून दाखवलेलं इस्पिक समजूनच पुढची बोली करायची. घाईघाईने ३ बदाम बोलून "दुरुस्ती" केली तर प्रतिस्पर्धी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावतील आणि निकाल बदलू शकतो. मेंढीकोट किंवा लॅडीस खेळताना भिडूला डोळ्याने खुणावायची सवय लागलेल्यांना हे जाचक वाटतं, पण ब्रिजमध्ये याला माफी नाही.

ऑनलाइन टेबलावर आपली बोली आपणच समजावायची असते आणि ते भिडूला दिसत नाही, त्यामुळे हा पेच येत नाही. पण तिथे वेगळा गोंधळ होतो: २ चौकट बोलून समजावणीच्या चौकोनात "चौकट" टाइप केलं जातं. लिहायचं "पाच किंवा जास्त बदाम".

नव्या भिडूबरोबर बसण्यापूर्वी पाच गोष्टी विचारून घ्या: डबलनंतर ट्रान्सफर चालू का, सुपर अ‍ॅक्सेप्ट कशावर, ५-५ कसे दाखवायचे, टेक्सस आहे का, आणि २ इस्पिकच्या उत्तराचा अर्थ काय. शेवटचा प्रश्न मेजरचा नाही, पण ट्रान्सफर घेतल्यावर इस्पिक २ बदामने दाखवायचं ठरतं आणि २ इस्पिक ही बोली रिकामी होते. कोणी ती किलवरच्या ट्रान्सफरसाठी ठेवतात, कोणी कुठल्याही लांब मायनरसाठी (किलवर किंवा चौकट). एकाने एक धरलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर २ इस्पिकवर पास पडतो आणि डमीत इस्पिकची एकच दुर्री उघडते.